दुष्काळाची पूर्वसूचना आणि माणसाचे उत्तर



उपासमार एका रात्रीत येत नाही. पाऊस दगा देतो, पेरणी वाया जाते, जनावरे कवडीमोलाने विकली जातात, धान्याचे भाव चढतात आणि अखेर माणसे गाव सोडतात. या पायऱ्या वेळीच ओळखणे, हेच पूर्वसूचनेचे शास्त्र होय.

आपल्या देशाला ते नवे नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता तयार झाल्या. कोणती लक्षणे दिसताच कोणते साहाय्य सुरू करावे, हे त्यांत नमूद होते. तरीही १९४३ साली बंगालमध्ये सरकारने संहितेनुसार दुष्काळ जाहीर केला नाही. लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली.

इथिओपियातील १९८४ च्या भीषण उपासमारीनंतर, १९८५ साली, अमेरिकेने पूर्वसूचना यंत्रणा उभारली. आज ती ‘फ्यूज नेट’ या नावाने ओळखली जाते. निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. उपग्रह हा फरक टिपतो, त्यामुळे पीक सुकू लागल्याचे काढणीपूर्वीच कळते. पर्जन्यमान, बाजारभाव आणि मुलांच्या कुपोषणाच्या पाहण्या यांची त्याला जोड मिळते. गहू, मका, भात आणि सोयाबीन या पिकांच्या जागतिक स्थितीवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था जी-२० राष्ट्रांनी २०११ मध्ये सुरू केली.

त्याच वर्षी सोमालियाने या शास्त्राची मर्यादा दाखवली. २०१० च्या उत्तरार्धापासून इशारे मिळत होते. पण यादवी युद्ध चालू होते, मदतीवर निर्बंध होते आणि देणारे हात थबकले होते. मदतीचा मोठा ओघ सुरू झाला तो २० जुलै २०११ रोजी दुष्काळ जाहीर झाल्यावरच. नंतरच्या अभ्यासानुसार सुमारे २ लाख ५८ हजार माणसे दगावली. त्यांतील निम्मी पाच वर्षांखालील बालके होती. अनेकांचा अंत घोषणेपूर्वीच झाला होता. २०१७ मध्ये तेथे पुन्हा भीषण अवर्षण आले. या वेळी मदत आधी पोहोचली आणि दुष्काळ टळला.

शाळा वाचायला शिकवते. उपग्रहाची चित्रे वाचणारे तज्ज्ञ जगाला हवेतच. पण आकड्यामागचे रिकामे ताट वाचणारा आणि घोषणेची वाट न पाहता उठणारा अधिकारी, व्यापारी, नागरिकही तितकाच हवा. तो घडवणे हे शिक्षणाचे काम आहे.