नेतृत्वाच्या प्रशिक्षणाची यादी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मनुष्यबळ विभागातील अधिकाऱ्यांना नेतृत्वाचे शिक्षण कसे दिले जाते, या विषयावर मी बोलावे असे कार्यकारिणीने सुचविले. विषय ऐकून मागे बसलेले काहीजण मनात म्हणाले असतील, हा तर साहेब लोकांचा विषय, आपला त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे. नोकरीत कोणाला घ्यायचे, कोणाला कायम करायचे, बढती कोणाला द्यायची, हे ज्या टेबलावर ठरते त्या टेबलामागच्या माणसाला काय शिकविले जाते, हा प्रश्न आपल्या मुलाबाळांच्या भाकरीचा आहे.

थोडे मागे जाऊ या. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी भरती जॉबर करीत असे. त्याच्या ओळखीचा, त्याच्या गावचा, त्याला दस्तुरी देणारा माणूस आत जाई. आपल्या लोकांना रिंग खात्यात काम मिळे, पण विणाई खात्याचे दार बंद असे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ! आणि पगार तर विणाई खात्यातच जास्त. सन १९३१ मध्ये व्हिटले आयोगाने आपल्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा आणि त्यासाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावा, अशी शिफारस केली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रेल्वेतल्या आपल्या कामगारांची व्यथा मांडली. गँगमन म्हणून लागलेला माणूस गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, ही ती व्यथा. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सन १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४९ ने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. सन २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या संहितेत ही संख्या अडीचशेवर आणली आहे.

म्हणजे मनुष्यबळ अधिकारी हे पद मालकाच्या सोयीसाठी म्हणून आकाशातून पडलेले नाही. जॉबरच्या मनमानीला आळा घालण्याच्या गरजेतून ते आले आहे. हे मूळ तो अधिकारी विसरला, की तो टाय बांधलेला जॉबर होतो.

या अधिकाऱ्याला शिकविण्याच्या संस्थाही उभ्या राहिल्या. मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. जमशेदपूरला १९४९ मध्ये एक्सएलआरआय निघाली. नोकरीत असलेल्या वरिष्ठांसाठी हैदराबादला १९५६ मध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज, १९६१ मध्ये अहमदाबाद व कलकत्त्याच्या व्यवस्थापन संस्था आणि १९६६ मध्ये पुण्याला टाटा मॅनेजमेंट ट्रेनिंग सेंटर सुरू झाले. अहमदाबादचे प्राध्यापक उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने लार्सन अँड टुब्रो कंपनीने १९७५ च्या सुमारास मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा केला. त्यानंतर गावोगावच्या कारखान्यांत ‘पर्सोनेल’च्या पाट्या उतरल्या आणि नव्या पाट्या लागल्या. पाटी बदलली, पण पाटीमागचा माणूस बदलला का, हा खरा प्रश्न.

मित्रहो, नेतृत्वाच्या शिक्षणातली एक गोष्ट आपल्या लोकांना सहसा कोणी सांगत नाही. आज सर्वत्र ‘फीडबॅक’ हा शब्द वापरतात. ती पद्धत रुजली कशी? कुर्ट लेविन हे ज्यू मानसशास्त्रज्ञ. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. सन १९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात त्यांनी एक कार्यशाळा घेतली. विषय होता वंश आणि धर्म यांवरून होणारा भेदभाव कसा कमी करावा. दिवसभर गट चर्चा करीत आणि रात्री निरीक्षक एकत्र बसून कोण कसे वागले याची नोंद घेत. एका रात्री काही शिबिरार्थी आम्हालाही बसू द्या म्हणाले. आपल्याविषयीची निरीक्षणे त्यांनी आपल्या कानांनी ऐकली, काहींवर वाद घातला आणि त्यातूनच सर्वाधिक शिकले. पुढल्याच वर्षी, १९४७ मध्ये, मेन राज्यातील बेथेल या गावी त्या पद्धतीचे प्रशिक्षण सुरू झाले. तेव्हा पंचतारांकित हॉटेलांत शिकविल्या जाणाऱ्या या विद्येचे एक मूळ भेदभावाविरुद्धच्या कामात आहे. आपण तिच्याकडे परक्यासारखे पाहण्याचे कारण नाही.

आता माझी स्वतःची हकीकत सांगतो. सन १९७४ मध्ये मी एका कारखान्याच्या कार्मिक खात्यात टंकलेखक म्हणून लागलो. दरवर्षी प्रशिक्षणाला पाठवायच्या लोकांची यादी मीच टाइप करीत असे. पुढे सहायक झालो, पदविका घेतली, तरी यादीत माझे नाव नसे. एकदा धीर करून विचारले, तर साहेब हसून म्हणाले, “तुम्हाला काय गरज? फायली तुमच्याइतक्या कोणी नीट ठेवत नाही.” कौतुक करून माणसाला जागच्या जागी कसे बसवतात, ते मी त्या दिवशी पाहिले. बारा वर्षांनी नवे साहेब आले आणि त्यांनी मला दोन आठवड्यांच्या निवासी वर्गाला पाठविले.

तिथे मुलाखतीचा सराव होता. मी अधिकारी झालो आणि दुसरा एकजण तक्रार घेऊन आलेला कामगार. सराव संपल्यावर तो म्हणाला, “तुम्ही माझे ऐकतच नव्हता. मी बोलत असताना तुम्ही उत्तर जुळवत होता.” मला राग आला. रात्री झोप लागली नाही, कारण त्याचे म्हणणे खरे होते.

मी परत आलो. काही वर्षांनी यादी करण्याचे काम माझ्याच हाती आले. चार वर्षे मी ती केली आणि एके दिवशी सहज जुने रजिस्टर उघडले. बंधूंनो, चारही वर्षे बहुतेक तीच ती नावे! इंग्रजी सफाईने बोलणारी, माझ्या टेबलाशी येऊन बसणारी. स्टोअरमधल्या एक बाई दरवर्षी अर्ज करीत होत्या आणि दरवर्षी मी शेरा मारीत होतो, “सध्या आवश्यकता नाही.” माझ्यावर झालेला अन्याय मी माझ्याच सहीने पुढे चालविला होता. त्यानंतर यादीसाठीचे निकष मी सूचना फलकावर लावले, नकाराचे कारण लेखी द्यायला लागलो आणि त्या बाईंना पुढच्याच वर्गाला पाठविले. पण त्यांची चार वर्षे मला परत देता आली नाहीत.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मोजमापाच्या चार पायऱ्या मांडल्या. वर्ग आवडला का, काही शिकला का, कामावरचे वागणे बदलले का आणि त्याचा संस्थेला काय उपयोग झाला. बहुतेक ठिकाणी पहिल्या पायरीवरच गाडी थांबते. जेवण चांगले होते, प्रमाणपत्र मिळाले, फोटो निघाला, संपले! तिसरी पायरी मात्र हाताखालच्या माणसालाच विचारावी लागते, आणि तिथेच अधिकाऱ्याचा खरा निकाल लागतो.

जाता जाता तीनच विनंत्या करतो. तरुणांनी केवळ कारकुनीच्या परीक्षा देत बसू नये, मनुष्यबळ व्यवस्थापनाचाही विचार करावा. मात्र फी भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता स्वतः तपासून घ्यावी. नोकरीत असलेल्यांनी प्रशिक्षणासाठी लेखी अर्ज करावा आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. न मागता नाव लागेल ही आशा मी बारा वर्षे केली. आणि आपल्यापैकी जे अधिकारी झाले आहेत, त्यांनी उद्या कामावर गेल्यावर आपले जुने रजिस्टर एकदा उघडून पाहावे. त्यात कोणाची नावे नाहीत, ते शोधावे.