तबकडीमागचा परका स्वर

ख्यालगायनाची जुनी ध्वनिमुद्रिका यंत्रावर ठेवावी, सुई अलगद टेकावी आणि तंबोऱ्याच्या पाठीमागून ‘घूं’ असा एक अखंड स्वर उमटावा, हा अनुभव पुष्कळ रसिकांच्या परिचयाचा आहे. हा स्वर तबकडीतला नव्हे, तो विजेचा होय. आपल्याकडील घरगुती वीजप्रवाह सेकंदाला 50 आवर्तने करतो. त्यामुळे ही घूं बहुधा 50 किंवा 100 आवर्तनांची असते. पांढरी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा मंद्र पंचम सुमारे 98 आवर्तनांचा. 98 आणि 100 शेजारी वाजू लागले की सेकंदाला दोन हेलकावे उठतात आणि उत्तम जुळलेला तंबोराही बेसूर भासतो. दोष तारेचा आणि ठपका गवयावर, असा हा अन्याय आहे.

रेडिओ लावला असता गप्प बसणारा अ‍ॅम्प्लिफायर तबकडी लावताच का घुमतो? चुंबकीय पिकअपमधून निघणारा विद्युत्‌दाब जेमतेम पाच सहस्रांश व्होल्ट असतो. तो प्रथम सुमारे शंभरपट वाढवावा लागतो. शिवाय तबकडी कोरताना खर्जातले ध्वनी मुद्दाम क्षीण केलेले असतात. 1954 साली रूढ झालेल्या संकेतानुसार वाजविताना ते पुन्हा उचलले जातात; 1000 आवर्तनांच्या मानाने 50 आवर्तनांचा ध्वनी सुमारे सातपट वाढतो. त्या पंगतीत घूंही जेवून जाते.

दोष शोधताना क्रम सोडू नये. सुई उचललेली असताना अ‍ॅम्प्लिफायरची कळ दुसऱ्या जोडणीकडे फिरवावी. घूं तशीच राहिली, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा वा त्याच्या वीजपुरवठ्याचा. ती थांबली, तर तबकडी-यंत्र आणि त्याच्या तारा तपासाव्यात.

पुढचे सर्व काम वीज बंद करून करावे. सुईच्या दांड्यापासून निघणारी अर्थिंगची बारीक तार अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूखाली घट्ट बसली आहे ना, हे आधी पाहावे. दांड्याच्या धातूला बोट लावताच घूं बदलत असेल, तर ही तार तुटली असल्याचा दाट संशय घ्यावा. उलट, जमिनीकडे जाणारे मार्ग दोन झाले, तरीही त्यांच्या वेटोळ्यात घूं शिरते. अशा वेळी सर्व यंत्रे एकाच बोर्डावर जोडावीत. मात्र घूं जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंग कधीही तोडू नये. ती माणसाच्या जीवासाठी असते.

घूं एकाच बाजूच्या कर्ण्यातून येत असेल, तर पिकअपच्या चार तारा पाहाव्यात. तांबडी व हिरवी उजव्या बाजूची, पांढरी व निळी डाव्या बाजूची. गंजलेल्या पिना हळुवार पुसल्याने पुष्कळदा काम होते. दांडा तबकडीच्या मध्याकडे जाताना घूं वाढत गेली, तर जवळच्या ट्रान्स्फॉर्मरचे किंवा यंत्राच्या मोटरीचे चुंबकीय क्षेत्र पिकअपला छळत आहे असे समजावे. अ‍ॅम्प्लिफायर दोन-तीन फूट दूर सरकवून पाहावा.

कधी गाण्यामागे भलतेच भाषण ऐकू येते. जवळच्या प्रक्षेपकाच्या लहरी लांब तारेत शिरतात, आणि गंजलेला सांधा किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा पहिला ट्रान्झिस्टर जुन्या क्रिस्टल रेडिओतल्या स्फटिकाचे काम करतो. सांधे स्वच्छ करावेत, तार आखूड व जाळीदार आवरणाची घ्यावी, तिच्यावर फेराइटचे कडे बसवावे. पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर एकेक बंद करून पाहावेत. टरटर कोणामुळे होते ते कळते. मोबाइल तर यंत्राजवळ ठेवूच नये.

एवढे करूनही जी खरखर उरेल, ती तबकडीच्या वयाची. तिच्याशी कानांची लवकर ओळख होते. परका स्वर गेला की जवारीचा झंकार मोकळा होतो, आणि गवई कोणत्या षड्जावर उभा होता हे स्वच्छ ऐकू येते.