एका जागेवर चाळीस मुले

(वसतिगृहांतील खेळ-कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा गोषवारा)



फुटबॉल प्रशिक्षकांच्या शिबिराला आपल्या एका वसतिगृहातून जेमतेम एकालाच पाठवता येते. प्रवासखर्च देणगीतून येतो, आणि तुम्ही नसताना मुलांना दुसरे कोणीतरी सांभाळते. म्हणजे त्या जागेवर तुम्ही एकटे बसत नाही. तुमची चाळीस मुलेही बसतात. मी स्वतः खेळाडू नाही, पण अशा शिबिरांना बसले आहे. तिथे जे उपयोगी पडले, तेच सांगते.

निघण्यापूर्वी आपले मैदान कागदावर मांडा. मुले किती, मुली किती, चेंडू किती, जागा किती पावलांची? शिबिरात बहुधा प्रत्येकाला एक चेंडू मिळतो; आपल्याकडे चाळीस जणांत तीन असतात. तेव्हा न लाजता विचारा, "सर, तीन चेंडूंत हे कसे बसवू?" उत्तर निघते. चार विरुद्ध चार अशी तीन छोटी मैदाने आखली की चोवीस जण खेळतात. उरलेले सोळा धावणे-वळणे करतात आणि दहा मिनिटांनी पाळी बदलते. चेंडूच्या आकाराचेही विचारून घ्या. मोठ्यांचा ५ नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. आठ-दहा वर्षांच्या मुलांना ४ नंबरचा बरा पडतो.

शिबिरात वहीइतकेच बूटही महत्त्वाचे. सराव स्वतः करून पाहा. वहीत नुसते बाण काढले तर पंधरा दिवसांनी तुमचे तुम्हालाच कळत नाहीत. म्हणून प्रत्येक सरावाखाली चार गोष्टी लिहा: जागा केवढी, खेळाडू किती, नियम कोणता, आणि तो सोपा किंवा अवघड कसा केला. शिवाय, मूल चुकले तेव्हा प्रशिक्षक काय बोलले, तेही टिपा.

'फिफा ११ प्लस' हा दुखापती टाळण्यासाठीचा वॉर्म-अप तिथे शिकायला मिळाला, तर नीट शिकून या. त्यात १५ व्यायाम आहेत, सुमारे २० मिनिटे लागतात, आणि तो १४ वर्षांपासून पुढच्या खेळाडूंसाठी आहे. उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो का, हे प्रशिक्षकांकडून स्वतःच्या पायावर तपासून घ्या. ते चित्रावरून येत नाही.

एक प्रश्न मात्र आपणच काढायला हवा. आपल्या भागात सिकलसेलची मुले आहेत. पाणी कमी पडणे, थंडी, अति श्रम यांनी त्यांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. प्रशिक्षकांना विचारा की पाण्याची सुट्टी किती वेळाने द्यावी आणि दमलेले मूल कसे ओळखावे. कोणते मूल किती खेळेल, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या. डोक्याला मार लागल्याची शंका आली, तरी त्या दिवशी त्या मुलाला पुन्हा खेळवू नका.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत दोनच सराव निवडा आणि घ्या. दहा एकदम सुरू केले की एकही टिकत नाही. सूचना मुलांच्या बोलीत, पावरीत किंवा भिलीत, बसवा. त्यासाठी मोठ्या मुलींची मदत घ्या. ज्या मुलीने शब्द शोधून दिला, तिच्याच हाती शिट्टी द्या. उद्या तुमची बदली झाली तरी खेळ थांबणार नाही.

दिवाळीनंतर अनेक घरे ऊसतोडीला निघतात. संघात आपली जागा आहे असे वाटणारे मूल "मी वसतिगृहातच राहतो" म्हणून आईबापांपाशी हट्ट धरते, हे मी पाहिले आहे. तुमच्या शिबिराचे मोल माझ्या लेखी तिथे ठरते. प्रमाणपत्र कपाटात राहिले तरी चालेल.

शेवटी एक विनंती. परतल्यावर एक पानभर टिपण लिहून कार्यालयात द्या. ज्यांना जाता आले नाही, त्यांच्यापर्यंत ते पोहोचवू.