वंशावळीचे शास्त्र आणि आपण
(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी मी वंशावळीवर बोलायला उभी राहिले, हे काहीजणींना चमत्कारिक वाटेल. वंशावळ म्हटली की जाडजूड कुलवृत्तांत मांडीवर घेतलेले कोणी आजोबा डोळ्यांपुढे येतात. पण हे आता शिकून, कसोटीला उतरून, प्रमाणपत्र मिळवून करण्याचे काम झाले आहे. आणि ते बायकांनी हाती घ्यावे असे मला वाटते.

अमेरिकेत १९६४ साली वंशशोधकांना प्रमाणपत्र देणारे एक मंडळ निघाले. तेथे पाठ केलेल्या उत्तरांवर भागत नाही. उमेदवाराने आपल्या कामाचे बाडच पाठवायचे: जुन्या कागदाची नक्कल व त्याचा अर्थ, दुसऱ्यासाठी केलेल्या शोधाचा अहवाल, न जुळणाऱ्या पुराव्यांतून काढलेला निर्णय आणि तीन पिढ्यांची साधार हकीकत. प्रमाणपत्रही पाच वर्षांपुरते. पुढे पुन्हा काम दाखवावे लागते.

आपल्याकडे या वाटेवरचे पहिले पाऊल म्हणजे मोडी. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवते आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोडी शिकवतात. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच. मोडीला भिऊ नये. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली होता होईल तो हात न उचलता लिहीत जायचे, अशी ती लिपी. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. लिहिणाऱ्याला त्याचे सुख. वाचणाऱ्याला मात्र शब्द संदर्भाने ओळखावा लागतो.

त्याहून वेळ खातात त्या तारखा. जुन्या कागदांत सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत: सलास म्हणजे तीन, खमस पाच. हे वर्ष मृगापासून सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. येथे चुकले तर मेलेला माणूस खतावर साक्ष घालताना दिसतो!

पण माझे खरे सांगणे पुढेच आहे. जुन्या दप्तरात पुरुष 'अमुक बिन तमुक' असा येतो. बिन म्हणजे मुलगा. बाई येते ती 'कोम', म्हणजे अमक्याची बायको म्हणून. तिचा बाप कोण, गाव कोणते, याचा मागमूस नाही. त्यातून लग्नात ताटातल्या तांदळांवर नवे नाव उमटले, की माहेरची कृष्णा सासरची लक्ष्मी होते आणि कागदोपत्री एकीच्या दोन बायका होतात. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीने पुरुषांचीही गल्लत होते, पण तेथे बापाचे नाव गुंता सोडवते. छापील कुलवृत्तांतांतही कितीदा 'दोन मुली' एवढ्यावर काम भागवलेले असते.

हा नुसता हौसेचा प्रश्न नव्हे. घरातला कर्ता गेला की वारसनोंदीसाठी वंशावळ लिहून द्यावी लागते आणि तिच्या आधाराने फेरफार होतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलार्जित एकत्र मिळकतीतही तिला मुलाबरोबरीचा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट राहिली नाही. तरीही वंशावळीतून मुलीचे नाव गळते, कधी विसरून, कधी जाणूनबुजून. हक्कसोड करायची की नाही हे तिने ठरवावे. पण नावच नसेल तर तिला विचारणार कोण? वंशावळ करणाऱ्याला पैसे भाऊ देतो, आणि भाऊच म्हणतो, "बहिणीचे नाव राहू द्या." अशा वेळी "तसे मला करता येणार नाही," असे म्हणण्याचे बळ शिस्तीने शिकलेल्या माणसाला येते. त्या अमेरिकन मंडळाच्या उमेदवाराला आचारसंहितेवर सही करावी लागते, ती उगीच नव्हे.

आपल्या मुळशीत तर हे काम अधिकच निकडीचे आहे. १९२१ चा मुळशी सत्याग्रह धरणात जाणाऱ्या गावांसाठीच झाला. पुढे मोसे नदीवर वरसगावचे धरण झाले. पाणी चढले तशी घरे उठली, सोयरेधायरे पांगले. आपण लवासात पुष्कळजणी बाहेरून आलेल्या. दासवे, मुगाव ही नावे आपल्याला पाटीवरून माहीत. जमिनीचे कागद पौडला तालुक्याच्या कचेरीत पाहता येतील. पण कोण कोणाची लेक, कोणत्या गावाहून या खोऱ्यात आली, हे ऐंशीच्या घरातल्या आजीबाईच सांगू शकतील.

तेव्हा दोघी-दोघींनी एकेका आजींकडे जावे, असे मी सुचवते. त्यांचे माहेरचे नाव आधी विचारावे, यजमानांचे मागाहून. कोणी सांगितले, कोणत्या दिवशी, तेही लिहावे. ऐकीव माहिती आणि कागदावरची माहिती वेगळ्या पानांवर ठेवावी. त्यांच्या संमतीवाचून वहीतले काही बाहेर बोलू नये. मोडीच्या अक्षरांचा तक्ता मी पुढच्या बैठकीला आणते. बोरूची गरज नाही, साधे पेन चालेल. वही मात्र दुरेघी असावी.