हिरव्या पडलेल्या क्रोटनविषयी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



गेल्या महिन्याभरात आपल्या आळीतील तिघीजणींनी मला एकच तक्रार सांगितली. क्रोटन आणले तेव्हा लालभडक होते, आता नुसते हिरवे झाले. उपटून टाकावे म्हणते! त्या तीन झाडांची बाजू मांडावयास मी उभी आहे.

हे झाड मूळचे इंडोनेशिया-मलेशियाकडचे. आपण त्याला क्रोटन म्हणतो, पण शास्त्रात त्याचे नाव कोडियम. शास्त्रातले खरे क्रोटन म्हणजे आपला जमालगोटा! दोघेही एरंडाच्या कुळातले. फांदी तोडली की चीक येतो, तो कातडीला झोंबतो आणि त्याचा डाग धुतला तरी निघत नाही. छाटणीला जुने पातळच नेसावे, आणि रांगत्या मुलाच्या हाती पान लागू देऊ नये.

आता रंगाचे. पानात हिरव्याबरोबर पिवळी व तांबडी द्रव्येही असतात. लख्ख उजेडात ती खुलतात. जिन्याखाली कुंडी ठेवली की मिळेल तो उजेड पकडण्यासाठी नवे पान हिरवेच वाढते. मग कितीही खत घाला, रंग यावयाचा नाही. मात्र अंधारातली कुंडी एकदम दुपारच्या उन्हात नेली तर पाने भाजतात, गळतात. आधी सकाळचे कोवळे ऊन, मग आठ-दहा दिवसांत जास्त. जुन्या हिरव्या पानांची आशा करू नये, रंग नव्या पानांवर येतो. तीही पुष्कळ जातींत आधी पिवळट असतात आणि जून झाल्यावर तांबडी होतात. दोन-तीन महिने तरी वाट पाहावी. भर उजेडातही एखादीच फांदी हिरवी फुटली तर ती मुळापासून छाटावी, नाहीतर तीच माजते.

बियांपासून आईसारखे झाड येईलच असे नाही, म्हणून गुटी बांधावी. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड, रंगदार फांदीची इंचभर साल गोलाकार काढून, ओले शेवाळ लावून वर प्लास्टिक घट्ट बांधावे. महिना-दीड महिन्यात पांढरी मुळे बाहेरून दिसतात. त्याखाली कापून कुंडीत लावावे व काही दिवस सावलीत ठेवावे.

क्रोटनची फुले म्हणजे पांढरट बारीक तुरे, त्यांचे कौतुक नाही. पण फुलदाणीत त्याची पाने फुलांहून जास्त टिकतात. सकाळी जून पानांची फांदी कापावी, कोवळा शेंडा माना टाकतो. चीक थांबेपर्यंत देठ पाण्यात धरावा, पाण्यात बुडणारी पाने काढावी आणि दोन दिवसांनी पाणी बदलावे. चार निशिगंधाच्या काड्या मध्ये खोचल्या की हळदीकुंकवाची फुलदाणी झाली. निशिगंध सुकला तरी पाने आठवडाभर तशीच राहतात. कधीकधी पाण्यातच मुळे फुटतात, ती फांदी फेकू नये.

माझ्या घरी या पावसाळ्यात बांधलेल्या सात गुट्या तयार आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी येताना कुंडी आणावी, माती मी देईन.