इतिहासाचा धडा आणि इतिहासाची जागा

घरी शिकणाऱ्या मुलांच्या इतिहासाच्या अभ्यासाला ऐतिहासिक स्थळांच्या भेटींची जोड कशी द्यावी, हा ह्या व्याख्यानाचा विषय आहे. शाळेत न जाता आईवडिलांच्या देखरेखीखाली शिकणारी मुले भारतात थोडीच आहेत. कुठे दीर्घ आजारपण, कुठे फिरतीची नोकरी, तर कुठे शिक्षणाविषयीचा निराळा विचार, अशी त्यामागची कारणे वेगवेगळी असतात. ह्यांपैकी काही मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांना बसतात. परंतु परीक्षा कोणतीही असो, इतिहास घरी शिकवताना एक अडचण हमखास उभी राहते, आणि स्थळभेटीचे खरे प्रयोजन त्या अडचणीतच सापडते.

वर्गात चाळीस मुले असतात. एकाने आजीकडून ऐकलेली हकिकत दुसऱ्याच्या हकिकतीशी जुळत नाही, तिसरा पुस्तकातील वाक्यावर शंका काढतो, आणि शिक्षकाला उत्तर द्यावे लागते. घरात पुस्तक एक, शिकवणारी व्यक्ती एक आणि शिकणारे मूलही बहुधा एकच. पुस्तकातील विधान आईच्या किंवा वडिलांच्या तोंडून आले, की मुलाला ते दुप्पट खरे वाटते. त्याला हरकत घेणारे तेथे कुणी नसते. इतिहासाच्या अभ्यासात तर 'हे कशावरून?' ह्या प्रश्नाइतके मोलाचे दुसरे काही नाही. घराबाहेर उभी असलेली वास्तू, तिचे दगड आणि तिच्यावरील लेख हे ह्या मुलासाठी दुसरे साक्षीदार असतात. साक्षीदाराला नुसते पाहून परत यावयाचे नसते. त्याची साक्ष घ्यावयाची असते. आखणी करावयाची ती ह्या साक्षीची.

उदाहरण म्हणून भोपाळच्या आसपासचा प्रदेश घेता येईल. भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर सांची आहे आणि तेथून पुढे दहा किलोमीटरवर विदिशा. मौर्य साम्राज्याचा पाठ चालू असताना मुलाच्या वहीत साहजिकच एक वाक्य लिहिले जाते : 'सांचीचा स्तूप सम्राट अशोकाने बांधला.' परीक्षेत ह्या वाक्याला पूर्ण गुण मिळतील. स्थळभेटीसाठी हेच वाक्य प्रश्न म्हणून सोबत न्यावे. आज डोळ्यांना जे दिसते त्यातील अशोकाचे किती, आणि उरलेले कुणाचे?

भेटीची तयारी निदान दोन आठवडे आधी सुरू व्हावी. मुलाला सर्व काही आधीच सांगून टाकले, तर स्थळापाशी त्याला शोधावयास काही उरत नाही. काहीच न सांगता नेले, तर दगडांच्या राशीपलीकडे त्याला काही दिसत नाही. ह्या दोहोंमधला मार्ग म्हणजे एखादे साधन त्याच्या हाती देणे. सांचीच्या बाबतीत असे साधन सुदैवाने उपलब्ध आहे. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप सांचीच्या लहान लहान लेखांचे ठसे तपासत होते. त्यांतील बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात आणि अखेरच्या अक्षरापाशी एक टिंब असते, हे त्यांच्या ध्यानात आले. इतक्या सुट्या लेखांचा शेवट एकाच शब्दाने होत असेल, तर तो शब्द देणगीचा असावा, असा तर्क त्यांनी केला. तो शब्द 'दानं' होता. ब्राह्मी लिपीच्या उलगड्यातील हा निर्णायक टप्पा ठरला. मुलाने घरी ब्राह्मीतील 'द' आणि 'न' ही दोन अक्षरे गिरवावीत. आडव्या रेघेच्या मध्यावर उभी रेघ काढली की ब्राह्मीतला 'न' होतो. एवढ्या शिदोरीवर दहा वर्षांचे मूल स्तूपाच्या कठड्यावर 'दानं' हा शब्द स्वतः शोधू शकते.

प्रत्यक्ष स्थळी मुलाच्या वहीत तीन रकाने असावेत : 'दिसते', 'लिहिलेले आहे' आणि 'सांगतात'. प्रत्येक नोंद ह्यांपैकी एकाच रकान्यात जावी. स्तूपाभोवती पावले मोजून त्याचा परीघ काढावा आणि त्यावरून व्यास. तो सुमारे ३६ मीटर भरावयास हवा. ही नोंद पहिल्या रकान्यातली. दक्षिण तोरणापाशी अशोकस्तंभाचा बुंधा उभा आहे. त्यावरील लेखात संघात फूट पाडणाऱ्या भिक्षू-भिक्षुणींना ताकीद दिलेली आहे. ही नोंद दुसऱ्या रकान्यातली. एका स्थानिक जमीनदाराने उसाच्या चरकासाठी हा स्तंभ तोडला, अशी हकिकत जॉन मार्शल ह्यांनी लिहून ठेवली आहे. ती कोणत्या रकान्यात घालावी, ह्यावर घरातल्या सर्वांनी वाद घालावा. कुणीतरी सांगितलेली गोष्ट छापली गेली म्हणजे तिचा रकाना बदलतो काय, हा प्रश्न मुलाला आयुष्यभर उपयोगी पडणारा आहे.

आता मूळ वाक्याकडे वळावे. इ. स. पू. तिसऱ्या शतकात अशोकाच्या काळी येथे विटांचा स्तूप उभारला गेला. परंतु तो आज दिसत नाही. पुढच्या शतकात त्यावर दगडांचे आवरण चढविण्यात आले आणि त्याचा आकार जवळजवळ दुप्पट झाला. चारही तोरणे त्यानंतरची. दक्षिण तोरणावरील एका लेखात राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद ह्याच्या दानाचा उल्लेख आहे, तर दुसऱ्या लेखात तेथील कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचे नमूद आहे. कठड्यांवर आणि फरसबंदीवर गृहस्थ, व्यापारी, भिक्षू, भिक्षुणी आणि गावोगावचे स्त्रीपुरुष ह्यांची शेकडो नावे कोरलेली आहेत. घरी परतल्यावर मूल आपले वाक्य सुधारते : आरंभ सम्राटाने केला, आज जे उभे आहे ते अनेकांच्या देणग्यांतून उभे राहिले. ही दुरुस्ती मुलाच्या नजरेने आणि मुलाच्या हाताने व्हावी, ह्यासाठीच एवढा प्रवास.

ह्या ठिकाणी पालकांच्या संयमाची कसोटी लागते. दगड जे सांगतो ते कधी पुस्तकाच्या विरुद्ध जाते, कधी घरात चालत आलेल्या समजुतीच्या विरुद्ध. तोरणांवरील बुद्धचरित्राच्या प्रसंगांत मूल बुद्धाची मूर्ती शोधू लागते आणि ती कोठेच न सापडल्याने गोंधळते. तेथे वृक्ष आहे, चक्र आहे, पाऊलखुणा आहेत. पूर्व तोरणावर महाभिनिष्क्रमणाच्या दृश्यात स्वाराविना चाललेला घोडा आहे आणि त्यावर छत्र धरलेले आहे. पालकाने लगेच अर्थ सांगून टाकला, तर पुन्हा एकच आवाज उरतो. 'स्वार कुठे गेला असेल?' एवढेच विचारून थांबावे.

स्तूप आज अशा स्थितीत कसा उभा आहे, हाही इतिहासच होय. १८१८ साली जनरल टेलर ह्यांनी त्याची नोंद केल्यानंतर काही वर्षांतच, १८२२ मध्ये, आत काय आहे हे पाहण्यासाठी तो वरपासून खालपर्यंत फोडण्यात आला आणि पश्चिम तोरण कोसळले. पुढे भोपाळच्या शाहजहाँ बेगम आणि सुलतान जहाँ बेगम ह्यांनी जतनाच्या कामासाठी द्रव्य दिले, आणि १९१२ ते १९१९ ह्या काळात मार्शल ह्यांनी पद्धतशीर जीर्णोद्धार केला. संरक्षित स्मारकावर नाव कोरणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मुलाला सांगावेच. पण १८२२ ची हकिकत कळल्यावर ते मूल भिंतीला खिळा लावणार नाही.

सांचीनंतर त्याच परिसरातील इतर स्थळे एकेक प्रश्न घेऊन, वेगवेगळ्या वेळी पाहावीत. विदिशेजवळ बेसनगरला गरुडस्तंभ आहे. तक्षशिलेचा यवन राजा अंतलिकित ह्याचा दूत हेलिओदोर ह्याने तो वासुदेवाच्या सन्मानार्थ इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उभारला. स्थानिक लोक त्याला खांबबाबा म्हणून पूजत आणि त्यावर शेंदराची जाड पुटे चढलेली होती. त्यामुळे १८७७ साली कनिंगहॅम ह्यांना खांब दिसला, पण लेख दिसला नाही. ती पुटे निघाल्यावर १९०९ च्या सुमारास लेख उघड झाला. पाहणे आणि वाचणे ह्यांतले अंतर येथे मुलाला सहज कळते. भोजपूरचे अकराव्या शतकातील शिवमंदिर अपुरे राहिले आहे. त्याच्या मागे दगड वर चढविण्याचा उतार आणि आसपासच्या खडकांवर कोरलेले बांधकामाचे आराखडे आजही दिसतात. पूर्ण झालेले मंदिर जे सांगू शकत नाही, ते हे अपुरे मंदिर सांगते. भीमबेटकाची चित्रे १९५७ साली चित्रकार व पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर ह्यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणली. तेथे एका चित्रावर दुसरे चित्र काढलेले आढळते. कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरविण्याचा प्रयत्न मुलांनी अवश्य करावा.

एका दिवसात एकच स्थळ घ्यावे. चार स्थळे धावत पाहिलेल्या मुलाला संध्याकाळी फक्त उपाहारगृह आठवते. मध्य भारतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. सकाळी लवकर पोहोचावे; कोवळ्या, तिरप्या उन्हात कोरलेली अक्षरे स्पष्ट दिसतात, भर दुपारी ती पुसट वाटतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेशशुल्क नाही. मात्र त्याची स्थळसंग्रहालये सामान्यतः शुक्रवारी बंद असतात. सांचीचे सिंहशीर्ष टेकडीच्या पायथ्याच्या संग्रहालयात असल्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. शक्य असल्यास तीन-चार कुटुंबांनी मिळून जावे. एकाने मापे घ्यावीत, दुसऱ्याने चित्र काढावे, तिसऱ्याने लेख शोधावेत. वर्गात सहज मिळणारा मतभेद अशा सोबतीत घरी शिकणाऱ्या मुलालाही मिळतो. वाटाड्या काय सांगतो ते आदराने ऐकावे आणि तिसऱ्या रकान्यात लिहावे.

इतका प्रवास प्रत्येक कुटुंबाला झेपेल असे नाही, आणि त्याची गरजही नाही. दान देणाऱ्यांची नावे कार्ल्याच्या आणि कान्हेरीच्या लेण्यांतही कोरलेली आहेत. ज्यांना तेही दूर पडते, त्यांच्या गावाच्या वेशीवर एखादा वीरगळ, जुनी बारव, मशीद किंवा पूल असतोच. वीरगळाच्या खालच्या पट्टीत काय कोरले आहे, बारवेचा दगड कोणत्या खाणीतून आला असावा, पुलावर कोणते साल आहे, एवढ्या प्रश्नांवर आठवडाभराचा पाठ उभा राहतो. दुसऱ्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडावे, त्यातील एक विधान निवडावे आणि ते कोणत्या रकान्यात बसते हे मुलालाच विचारावे. त्याचे उत्तर पालकांच्या उत्तराहून वेगळे आले, तर पुढच्या भेटीचा प्रश्न ठरला असे समजावे.