नगर, ग्राम आणि मातीचे ऋण



नगर वाढले की खेडे झिजते, अशी समजूत रूढ आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. माळव्याची काळी जमीन इंदूरच्या वसाहतींखाली जात राहिली. शेत विकून आलेला पैसा सरतो. गेलेली जमीन परत येत नाही. परंतु नगराने वाढावे आणि खेड्यानेही जगावे, याची एक वाट याच इंदुरात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी सापडली होती.

होळकर दरबाराने उपलब्ध करून दिलेल्या ३०० एकर जमिनीवर १९२४ साली वनस्पती-उद्योगाची संशोधनसंस्था उभी राहिली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख थराथरांनी रचून, पाणी शिंपून, ढीग ठरावीक मुदतीने परतून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत सिद्ध केले. दोघांच्या नावाने १९३१ साली ऑक्सफर्डकडून ग्रंथ निघाला आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. त्या पद्धतीमागचा विचार साधा होता : जमिनीकडून जे घेतले, ते जमिनीला परत द्यावे.

ती संशोधनभूमी आज कृषी महाविद्यालयाच्या रूपाने वाढत्या शहराच्या वेढ्यात आहे. शहराला धान्य, दूध, भाजी खेड्यांतून मिळते; १९७८ पासून नर्मदेचे पाणीही सुमारे सत्तर किलोमीटरांवरून, विंध्याचा चढ चढून येते. बाजारपेठ, रुग्णालये आणि महाविद्यालये ही शहराची परतफेड खरीच. पण मातीचे देणे त्याने फिटत नाही.

त्या दिशेचे एक पाऊल २०२२ साली देवगुराडिया येथे पडले. दिवसाला ५५० टन ओला कचरा पचविण्याच्या क्षमतेचा प्रकल्प तेथे सुरू झाला. त्यातून बसगाड्यांना इंधनवायू आणि शेतीला खत मिळू शकते. मात्र स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात टाकलेली काच वा प्लास्टिकची पिशवी खतातून शेतात पोहोचते. दोन टोपल्या वेगळ्या ठेवणाऱ्या गृहिणीच्या हाती म्हणूनच एका अनोळखी शेतकऱ्याची जमीन असते.

ग्रंथालयाच्या सभासदांना हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. पुस्तक न्यावे, वाचावे, आणि पान न फाडता मुदतीत परत करावे, या एका नियमावर ही संस्था शंभर वर्षे टिकली. नगर आणि ग्राम यांचा व्यवहारही याच नियमाने टिकेल.